विशाखाची उजळणी

दहावीला गेल्यावर विशाखा सूर्यवंशीला एक गोष्ट पक्की कळली. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला वाटत होतं, की या पोरांना आपला एकच विषय आहे. इतिहासाच्या बाई म्हणायच्या, धड्याखालची सगळी उत्तरं दोनदा लिहून आणा. हिंदीचे सर म्हणायचे, अख्खा पाठ उतरवून काढा, शुद्धलेखन सुधारतं. भूगोलाला नकाशे, विज्ञानाला प्रयोगवही, इंग्रजीला शब्दार्थ. आणि ज्या विषयाची तिला खरी फिकीर होती, त्या गणिताला हात लावेपर्यंत दिवस संपलेला असायचा.

त्यात ते साल वेगळंच होतं. ऑगस्टात लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि निलंगा उस्मानाबादकडून लातूरकडं आलं. तोवर गाव जिल्ह्याच्या पार एका टोकाला पडलेलं. उस्मानाबादहून अधिकारी यायचा म्हणजे त्याचा अख्खा दिवस मोडायचा, म्हणून सहसा कोणी यायचंच नाही. आता मात्र लातूरहून सकाळच्या एसटीनं निघालेला माणूस शाळा बघून जेवायला घरी पोचू शकत होता. हेडमास्तर व्यंकटराव सरांनी ही गोष्ट फार मनावर घेतली. नव्या जिल्ह्याचा दहावीचा पहिला निकाल, त्यात आपली शाळा वर दिसली पाहिजे. नवे शिक्षणाधिकारी तपासणीला आले तर एकाही वहीत रिकामं पान सापडता कामा नये. रोज प्रार्थना झाली की सर हे सांगायचे, आणि त्यांचं सांगून झालं की प्रत्येक तासाला गृहपाठ थोडा थोडा वाढायचा.

पाऊस तर त्या साली गावाला विसरूनच गेला होता. दिवाळी झाली आणि नळ बंद पडले. विशाखाचं घर गावाच्या कडेला बौद्धवाड्यात. तिथल्या हापशाला नुसती हवा यायची. मग सगळा भरोसा चौकात येणाऱ्या टँकरवर. तिची माय सरजाबाई पाझर तलावाच्या कामावर उजाडताच निघायची ती दिवेलागणीला परतायची. वडील साहेबराव नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई म्हणून गेले होते. लातूरला चौघांत मिळून एक खोली घेऊन राहायचे आणि रविवारी घरी यायचे. म्हणजे पाण्याला माणूस एकच उरलं.

टँकर शाळा सुटायच्या वेळेला येतो म्हणायचे, आणि यायचा कधी लवकर, कधी अंधारता अंधारता. त्यामुळे घागरींची रांग सोडून हलायची सोय नव्हती. विशाखानं रांगेत बसून अभ्यास करून बघितला. घागरीवर भूमितीचं पुस्तक ठेवायचं, मातीत काडीनं आकृती काढायची. अर्धा त्रिकोण होतो न होतो तोच मागून कोणीतरी ओरडायचं, "ए मास्तरीण, घागर सरकव की पुढं." रांग सरकायची, आकृतीवर पाय पडायचे, आणि कुठला कोन कशाला समान होता हे परत पहिल्यापासून शोधावं लागायचं. घरी येऊन चूल, भाकरी, आणि मग इतिहासाची उत्तरं. एकदा. परत एकदा.

एका संध्याकाळी तिनं वैतागून पुस्तक मिटलं तेव्हा चौकातल्या दुकानाच्या ओट्यावरून कोणीतरी हाक मारली. वर्गातली शिवगंगा होती. तिच्या वडिलांचं, ईश्वरप्पांचं, किराणा दुकान चौकातच, घर मागं. शिवगंगाचं अक्षर शाळेत नावाजलेलं होतं, फळ्यावरचा सुविचार तीच लिहायची. गणितात मात्र तिची पार दाणादाण.

"इथं ये की," शिवगंगा म्हणाली. "इथनं बी टँकर दिसतो."

विशाखा ओट्याच्या कडेला बसली. शिवगंगाच्या मांडीवर बीजगणिताची वही उघडी होती आणि पान खोडून खोडून काळं झालं होतं.

"तुझा इतिहास मी लिहिते," शिवगंगा म्हणाली. "मला लिहायचा कंटाळा न्हाई. तू माझं हे सोडव."

"सोडवणार न्हाई. शिकवीन."

"शिकव. पण उद्याच्या वहीत उत्तर बरोबर आलं पाहिजे बघ, न्हाईतर पंचाक्षरी सर उभं करतेत."

तिथून ते सुरू झालं. रोज शाळा सुटली की विशाखा घागरी रांगेत लावायची आणि ओट्यावर यायची. शिवगंगा दोघींचा इतिहास आणि दोघींचं हिंदी खाली मान घालून लिहून काढायची. विशाखा दोघींची गणितं करायची, आणि एकेक पायरी शिवगंगाला बोलून दाखवायची. शिवगंगाची आई शरणम्मा आतून चहा आणून द्यायची. विशाखाचा कप वेगळा होता, कान तुटलेला. तो खिडकीच्या फळीवर पालथा असायचा, आणि चहा पिऊन झाला की विशाखानं तो स्वतः विसळून परत तिथंच ठेवायचा, हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्याचा राग यायचा, पण तिला ओटा हवा होता, उजेड हवा होता आणि लिहिणारा एक जास्तीचा हात हवा होता. राग नंतर करू, असं तिनं ठरवलं होतं.

संक्रांतीपर्यंत छान चाललं. शिवगंगाला समीकरणं सुटायला लागली. पहिलं गणित बरोबर आलं तेव्हा तिनं आत जाऊन आईला वही दाखवली, आणि शरणम्माला त्यातलं काही कळलं नाही तरी ती हसली. विशाखाला रोज घडीभर का होईना, भूमितीसाठी मोकळा वेळ मिळू लागला. प्रमेयं तिच्या डोक्यात नीट बसायला लागली. आता फक्त उजळणी राहिली, असं ती स्वतःशी म्हणायची.

मग लातूरहून तपासणीची तारीख आली.

व्यंकटराव सरांनी दहावीच्या सगळ्या वह्या आपल्या खोलीत मागवून घेतल्या. साहेबांपुढं ठेवायला चांगल्या वह्या निवडायच्या म्हणून त्यांनी इतिहासाचा गठ्ठा सोडला. वरच दोन वह्या निघाल्या, एकीवर एक, दोन्हीत तेच गोल, सुबक अक्षर. नावं निराळी. सरांनी दोघींना बोलावणं पाठवलं.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं, सर," शिवगंगा म्हणाली.

"हिच्या वहीत?"

"हाव. मीच म्हटलं होतं तिला, मी लिहिते म्हणून."

सरांनी तिच्याकडं बघितलं आणि मग विशाखाकडं. "शिवगंगा, तुझ्या वडलांना मी ओळखतो. तू साधी पोर आहेस. कोणी सांगितलं की करतेस." मग विशाखाकडं वळून म्हणाले, "दुसऱ्याच्या मेहनतीवर वही भरायची? लाज नाही वाटत?"

विशाखाच्या तोंडावर आलं होतं, गणिताच्या वह्या काढा, तिथं बघा कोणाची मेहनत आहे. पण मग शिवगंगा अडकली असती. तशीही गणिताची वही कोणी उघडली नव्हती. आकडे सगळ्यांचे सारखेच दिसतात.

"इतिहास आणि हिंदी, दोन्ही वह्या पहिल्या धड्यापासून स्वतःच्या हातानं लिहायच्या," सर म्हणाले. "तपासणीच्या आत. नाहीतर परीक्षेचं प्रवेशपत्र माझ्याकडून मिळणार नाही."

"सर, त्याच्या आधी पूर्वपरीक्षा आहे. मला उजळणी करायचीय."

"लिहिणं म्हणजेच उजळणी."

बाहेर आल्यावर शिवगंगा रडायला लागली. विशाखाला रडू आलं नाही, नुसतं डोकं तापलं. "तू खरं सांगितलंस तरी त्यांनी ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "मग काय करायचं माणसानं?" त्याच संध्याकाळी ईश्वरप्पांच्या कानावर बातमी गेली आणि ओटा बंद झाला. शिवगंगा दुकानाच्या दारात दिसायची, पण बाहेर यायची नाही. खिडकीतला कप तेवढा तसाच पालथा होता.

रविवारी साहेबराव आले. विशाखानं त्यांना सगळं सांगितलं. तिला वाटत होतं, बाबा उद्या शाळेत येतील, नीट शब्दांत दोन गोष्टी सांगतील. ते कलेक्टर कचेरीत होते, कसं बोलायचं ते त्यांना माहीत होतं. साहेबरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहून टाक, बाई."

"बाबा, त्यानं मला काय येतंय?"

"काय येत न्हाई. आमच्या कचेरीत बी हेच चालू हाय. उस्मानाबादनं जुने कागद आलेत, ते नव्या जिल्ह्याच्या नावानं परत उतरवून काढायलेत. बाबू लोकं सकाळपासून तेच करून राहिलेत. कोण विचारतंय कशाला म्हणून? सांगितलं की लिहायचं, आणि मोकळं व्हायचं."

"त्यांना पगार मिळतो," विशाखा म्हणाली. "मला परीक्षा हाय."

सरजाबाई चुलीपाशी होती. ती नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "पोरगी काय खोटं बोलून राहिली का?" त्या दिवशीचं पाणी साहेबरावांनी भरलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं लातूरला गेले.

विशाखा लिहायला बसली. सकाळी उठून लिहिलं, मधल्या सुट्टीत लिहिलं, टँकरच्या रांगेत घागर उलटी करून तिच्यावर वही ठेवून लिहिलं. सनावळ्या, करार, कलमं. हात चालायचा आणि डोकं दुसरीकडंच असायचं. एक पान संपलं की त्या पानावर काय होतं हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पेन धरायचं बोट सुजलं. हिंदीचा एक पाठ तर तिनं चुकून दोनदा लिहिला आणि लक्षात आल्यावर वही भिंतीवर फेकली. मग उचलली, धूळ झटकली आणि पुढचा पाठ घेतला.

पूर्वपरीक्षा त्याच आठवड्यात झाली. भूमितीच्या पेपरला तिनं प्रश्न वाचला, प्रमेय ओळखीचं होतं, सुरुवातही आठवली. मधली पायरी काही केल्या येईना. महिन्यापूर्वी जी तिनं शिवगंगाला झोपेतही सांगितली असती, ती पायरी. सुजलेल्या बोटात पेन घसरत होतं. वेळ संपला तेव्हा शेवटचे दोन प्रश्न कोरे होते.

पंचाक्षरी सरांनी वर्गात पेपर वाटले. तिच्यापाशी येऊन ते थांबले. "तुझ्याकडून हे वाटलं नव्हतं," हळू आवाजात म्हणाले.

"उजळणी झाली न्हाई, सर. इतिहास लिहीत होते."

सरांना ते माहीत होतं. सगळ्या शाळेला माहीत होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "हेडमास्तरांना मी काय सांगणार," ते म्हणाले आणि पुढच्या बाकाकडं गेले.

तपासणीच्या दिवशी शाळा झाडून स्वच्छ केली होती. दाराला आंब्याची पानं बांधली होती. दहावीच्या वह्या टेबलावर रचून ठेवल्या होत्या, त्यात विशाखाच्या दोन्ही नव्या वह्या. दुपार झाली. एसटी आली आणि गेली. शेवटी तहसीलमधून शिपाई निरोप घेऊन आला, की साहेबांना टंचाईच्या बैठकीला थांबावं लागलंय, तपासणी पुढं ढकलली, तारीख कळवतील. व्यंकटराव सरांनी वह्या वर्गात परत पाठवल्या. कोणी एक पानही उलटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सांगितलं, तारीख कधीही येईल, म्हणून लिहिणं चालू ठेवा.

इतिहासाच्या तासाला बाईंनी नवा गृहपाठ दिला. विशाखा उभी राहिली.

"बाई, मी उद्यापासून हे लिहून आणणार न्हाई."

बाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालीस?"

"लिहिणार न्हाई. परीक्षा तोंडावर हाय. मी धडे वाचीन, तुम्ही काय बी विचारा. पण उतरवून काढणार न्हाई."

बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. हिंदीच्या सरांनीही तेच केलं. विशाखा व्हरांड्यात भिंतीला टेकून भूमितीचं पुस्तक हातात धरायची. पण तिथून जो तो जाताना काहीतरी बोलायचा, पोरं खिदळायची, ऊन अंगावर यायचं, आणि उभ्यानं आकृती काढता येत नव्हती. बंड केलं म्हणून अभ्यास होत नव्हता. नुसते पाय दुखत होते.

मग व्यंकटराव सरांनी साहेबरावांना लातूरहून बोलावून घेतलं. साहेबराव रजा टाकून आले, खाकी कपड्यातच. विशाखा दाराबाहेर उभी राहून ऐकत होती.

"तुम्ही कलेक्टर ऑफिसातले माणूस," सर म्हणाले. "शिस्त म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायचं?"

"न्हाई जी."

"पोरीला समज द्या. नाहीतर प्रवेशपत्राचं मला बघावं लागेल."

"देतो, सर. होईल तेवढं लिहील ती. पाण्याला बी तीच जाती, तेवढं ध्यानात घ्या."

एवढंच. विशाखाला वाटलं होतं, बाबा निदान विचारतील तरी, की न आलेल्या साहेबासाठी माझ्या पोरीचा पेपर का बुडाला. स्टँडपर्यंत ती त्यांच्या मागं मागं चालली.

"होईल तेवढं म्हणजे किती?" शेवटी तिनं विचारलं.

साहेबरावांनी गाडीच्या दांड्याला हात घातला होता. "अर्धं लिही. अर्ध्याला उभी राहा," ते म्हणाले. "बाकीचं बघतो मी."

बाकीचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. गाडी गेली. विशाखा रागानं इतकी भरली होती की त्या दिवशी तिनं टँकरच्या रांगेत एका बाईशी घागरीवरून भांडण केलं.

चार-पाच दिवसांनी शाळेतून आली तर दारात एक गाठोडं आणि त्याच्या शेजारी आत्या कोंडाबाई. साहेबरावांची ही थोरली बहीण लोह्याकडं राहायची, एकटीच. साहेबरावांनी लातूरहून परस्पर तिला निरोप धाडला होता.

"तुझ्या बाबानं कळवलं, पोरीची परीक्षा हुईपर्यंत पाणी भरायला ये," आत्या म्हणाली. "तिकडं बी पाणी न्हाई, हितं बी न्हाई. मग हितंच रांगेत बसते म्हणलं. घागरी कुठं हायत?"

आत्या घागरी घेऊन चौकाकडं गेलीसुद्धा.

तेव्हापासून संध्याकाळ तिची झाली. शाळा सुटली की ती घरी यायची, दार लोटायची आणि पुस्तक उघडायची. पहिल्या दिवशी तर इतका वेळ समोर बघून ती गांगरलीच. एक प्रमेय तीनदा केलं, कोणी घागर सरकव म्हणेल याची वाट बघत. इतिहासाचं ती अर्धं लिहायची. उरलेल्या अर्ध्यासाठी व्हरांड्यात उभी राहायची, आणि उभ्यानं काय पाठ करता येईल ते तेवढ्यापुरतं ठेवायची. पंचाक्षरी सर त्या दिवसांत फळ्याच्या दाराकडच्या बाजूला, व्हरांड्यातून दिसेल असं लिहायला लागले, आणि आपला तास संपला तरी ते पुसेनासे झाले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिलाही त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत.

एका संध्याकाळी आत्या पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "ती दुकानवाल्याची पोरगी रांगेत येऊन उभी ऱ्हाती. घरात पाणी असून बी. तुझं विचारती. काय तरी वर्तुळ हाय म्हणे, सुटंना."

विशाखानं पुस्तक मिटलं आणि चौकात गेली. शिवगंगा सगळ्यांत मागं उभी होती, हातात छोटी कळशी.

"अप्पा दुकानात हायत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "इकडं बघू नको. स्पर्शिकेचं सांग."

विशाखा तिच्याकडं न बघता खाली बसली आणि काडीनं मातीत वर्तुळ काढलं. "स्पर्शिका कुठं लागती? तिथपर्यंत त्रिज्या काढ. मग कोन किती झाला?" शिवगंगा चुकली, परत चुकली, मग बरोबर आली. रांग सरकली. विशाखानं नवं वर्तुळ काढलं.

"कमाल हाय तुझी," आत्या नंतर वाटेत म्हणाली. "मला लोह्याहून आणलं रांगेला, आणि तूच परत रांगेत."

"तिला उजळणी पाहिजे होती."

"आणि तुला?"

"सांगताना माझी बी होती," विशाखा म्हणाली. ते खरंच होतं, पण हे तिला आत्ता बोलताना कळलं.

प्रवेशपत्र व्यंकटराव सरांनी अगदी शेवटच्या दिवशी दिलं, तेही वाट बघायला लावून. परीक्षा झाली. मे महिना धुळीत गेला. आत्या लोह्याला परत गेली. तपासणीची नवी तारीख काही आली नाही.

जूनमध्ये निकाल लागला तेव्हा शाळेत गर्दी होती. शाळेचा निकाल खरंच चांगला होता आणि व्यंकटराव सर पेढे वाटत होते. विशाखाला पहिला वर्ग मिळाला होता. गणितात शाळेत तिच्यापुढं कोणी नव्हतं. सगळ्यांत कमी गुण इतिहासात होते, जो तिनं हातानं पहिल्या धड्यापासून लिहून काढला होता.

सरांनी तिची गुणपत्रिका चष्मा वर करून नीट वाचली. ते खरोखर खूश दिसत होते. "बघ," म्हणाले, "तेव्हा लिहून घेतलं म्हणून आज हे दिसतंय. आता तूच बघ, इतिहास अजून एकदा लिहिला असतास तर?"

विशाखानं त्यांच्याकडं बघितलं. ते थट्टा करत नव्हते. तिनं गुणपत्रिका घेतली, पेढा घेतला आणि बाहेर आली.

शिवगंगा फाटकापाशी उभी होती. ती गणितात जेमतेम का होईना पास झाली होती आणि त्याचा आनंद अजून तिच्या तोंडावर मावत नव्हता.

"काय म्हणाले सर?"

"इतिहास लिही म्हणाले."

"आता?" शिवगंगाला काही कळेना. मग ती म्हणाली, "अप्पा मला लातूरला कॉलेजला पाठवत न्हाईत. निलंग्यातच घालतेत, आर्ट्‌सला. तिथं गणित न्हाई."

"मग आता सुटली की गणितातनं."

"हाव," शिवगंगा म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा उतरला. "आत्ता कुठं येऊन राहिलं होतं."

विशाखानं पेढ्याचे दोन तुकडे केले. एक तिला दिला, एक आपल्या तोंडात टाकला. तापल्या रस्त्यावरून दोघी स्टँडकडं निघाल्या. साहेबराव दुपारच्या गाडीनं येणार होते, आणि विशाखाला त्यांच्याशी लातूरच्या कॉलेजाचं बोलायचं होतं. यावेळी होईल तेवढं चालणार नाही, हे तिनं चालता चालताच ठरवून टाकलं.